आधी गोलांची वही, मग फॉर्मेशन: सतत हरणाऱ्या फुटबॉल संघासाठी

लागोपाठ चार सामने हरले की संघात पहिली मागणी येते ती फॉर्मेशन, म्हणजे मैदानावरची खेळाडूंची मांडणी, बदलण्याची. शनिवारी रात्री टीव्हीवर मँचेस्टर सिटी बघितलेली असते, त्यामुळे रविवारी सकाळी मुरमाच्या मैदानावर ४-३-३ (बचावात चार, मधे तीन, पुढे तीन; गोलकीपर मोजत नाहीत) हवं असतं. बदलाने फरक पडतो, हे खरं. पण सोलापुरातल्या क्लबला किंवा शाळेच्या संघाला कोणती मांडणी झेपेल, हे ठरवायला तीनच गोष्टी लागतात: गोल कुठून बसतात, हाताशी कोण आहे, आणि मैदान कसं आहे. हाच क्रम ठेवावा. बहुतेक ठिकाणी तो उलटा असतो, आणि मैदानाचा तर विचारच होत नाही.

गोलांची वही

मागच्या पाच सामन्यांत खाल्लेला प्रत्येक गोल वहीत उतरवा. चार रकाने पुरतात: कितव्या मिनिटाला, चेंडू आपल्याकडून कुठे सुटला, शेवटचा पास कसा आला (क्रॉस म्हणजे कडेवरून आत टाकलेला, मधून, डोक्यावरून, कॉर्नर), आणि त्या क्षणी कोण जागेवर नव्हता. हे एकट्या प्रशिक्षकाने लिहू नये. गोलकीपरला आणि एका बॅकला (बचावपटूला) सोबत बसवा, कारण कडेला उभं राहून जे दिसतं ते अर्धंच असतं.

समजा बारा गोल झाले. त्यातले पाच कॉर्नर आणि फ्री किकवर असतील, तर फॉर्मेशनला हातही लावू नका. कॉर्नरच्या वेळी ४-४-२ काय आणि ५-३-२ काय, सगळे पेनल्टी बॉक्समध्येच उभे असतात. तिथे उभं राहण्याची पद्धत बदलावी लागते: जवळच्या खांबाशी एक जण, गोलपासून साडेपाच मीटरच्या रेषेवर हेडर चांगला असलेले तिघे, त्यांच्या तीन उंच खेळाडूंना चिकटून आपले तिघे, बॉक्सच्या तोंडाशी उडालेला चेंडू उचलायला दोघे आणि पुढे एकच. गोलकीपर धरून अकरा झाले. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं एवढंच घ्या, बाकी काही बदलू नका.

मिनिटांचा रकाना बहुतेक जण भरतात आणि वाचत नाहीत. गोल साठाव्या मिनिटानंतरच बसत असतील, तर दुखणं पायांत आहे. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा चाळीशी ओलांडतो, आणि दुपारी चारला सुरू झालेल्या सामन्यात पुढे जाऊन दाब टाकणारी कोणतीही मांडणी तासाभरात विरते. अशा वेळी पन्नासाव्या मिनिटालाच दोन ताजे खेळाडू बाजूंना उतरवणं हा फॉर्मेशनपेक्षा मोठा उपाय आहे.

हाताशी कोण आहे

कागदावर अठरा नावं असतात, सरावाला तेरा येतात. कुणाची लूमवर पाळी असते, कुणाची परीक्षा. म्हणून पहिली चाळणी ही: निवडलेल्या मांडणीतल्या प्रत्येक जागेला दुसरा माणूस आहे का? नसेल, तर ती मांडणी एका गैरहजेरीत कोसळणार.

दुसरी चाळणी तीन छोट्या चाचण्यांची. पुढच्या खेळाडूला गोलकडे पाठ करून उभं करा, मागे एक बॅक चिकटवा आणि वीस मीटरवरून दहा पास द्या, काही पायात, काही छातीवर. दहातले सहा चेंडू धरून तो साथीदाराला देऊ शकला, तर एकटा स्ट्रायकर चालेल. तीन-चारच धरले, तर पुढे दोघे लागतीलच. एकट्याला सोडलंत तर साफ केलेला प्रत्येक चेंडू पाच सेकंदांत परत येईल. बाजूच्या बॅकला साठ मीटरच्या दहा धावा द्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती. शेवटची धाव पहिलीपेक्षा दोन सेकंदांहून जास्त हळू झाली, तर त्याला विंग बॅक (कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणारा) करू नका. सेंटर बॅकची (मधल्या बचावपटूची) तीस मीटरची शर्यत स्वतःच्या सगळ्यात वेगवान फॉरवर्डशी लावा. तो दोन पावलांहून जास्त मागे पडत असेल, तर बचावफळी मध्यरेषेजवळ आणायचा विचार सोडा.

यात कधीकधी असं दिसतं की मांडणी ठीक आहे, माणूसच चुकीच्या जागी आहे. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी डोक्याला जखम झालेल्या जर्नैल सिंगला बचावातून काढून पुढे खेळवलं. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवलं, आणि त्यातला एक गोल जर्नैलचा होता.

मैदान मोजा

नियमात लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर बसते. म्हणजे दोन मैदानं नियमात असूनही एक दुसऱ्याच्या दुप्पट रुंद असू शकतं. टेप नसेल तर पावलांनी मोजा. रुंदी पंचावन्न मीटरच्या आत असेल, तर विंगरला (कडेने हल्ला करणाऱ्याला) पळायला जागाच नसते. तिथे मधे गर्दी करणारी मांडणी घ्या, आणि लांब थ्रो-इन टाकणारा एक तरी हात तयार करा, कारण अशा मैदानावर थ्रो-इन म्हणजे जवळजवळ कॉर्नरच.

गवत नसलेल्या कडक मुरमावर चेंडू उंच उडतो आणि जमिनीलगतचा पास ऐन वेळी टप्पा बदलतो. गोलकीपरकडून छोट्या पासांनी खेळ बांधत आणणं तिथे आत्मघातकी आहे. चेंडू लांब जाणारच, तेव्हा तो जिथे पडून उसळेल तिथे आपली तीन माणसं कशी असतील एवढं बघा. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा असतो. नाणेफेक जिंकलात तर पहिल्या हाफमध्ये वाऱ्याच्या बाजूने खेळा, आणि वारा समोरून असलेल्या हाफमध्ये बचावफळी नेहमीपेक्षा पाच मीटर मागे ठेवा.

कोणत्या दुखण्याला कोणती मांडणी

वहीतून काहीच स्पष्ट निघत नसेल, सगळीकडून गोल बसत असतील, तर ४-४-२ घ्या. जुनाट वाटेल, पण विस्कटलेल्या संघाला याइतकी लवकर शिकता येणारी दुसरी मांडणी नाही. प्रत्येकाच्या बाजूला आणि मागे-पुढे कोण असणार हे एका वाक्यात सांगता येतं. लेस्टर सिटी २०१५-१६ मध्ये याच साच्यात इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. त्या मोसमाच्या सुरुवातीला तेही प्रत्येक सामन्यात गोल खात होते. आर्सेनलकडून ५-२ हरल्यावर प्रशिक्षक रानिएरी यांनी साचा तसाच ठेवून दोन्ही बाजूंचे बॅक बदलले.

४-४-२ चालतं ते अंतरांवर. चेंडू समोरच्याकडे असताना बचावफळी आणि मधली फळी यांत दहा-बारा मीटर, मधल्या फळीपासून स्ट्रायकरपर्यंत तेवढंच. सगळा संघ वीस-पंचवीस मीटरच्या पट्ट्यात. शेजारच्या दोघांत आठ-दहा मीटर. चेंडू डाव्या कडेला असेल तर उजवा हाफ (मधल्या फळीतला उजवा खेळाडू) मैदानाच्या मध्यापर्यंत आत येतो, आणि पलीकडची मोकळी बाजू मोकळीच सोडायची. हे पोरांना पटत नाही. "तिकडे माणूस मोकळा आहे!" असा ओरडा कडेवरून हमखास येतो. असू दे. चाळीस मीटरचा पास हवेत दोन-अडीच सेकंद असतो, तेवढ्यात सगळी फळी सरकते.

बिघडतं ते मध्यभागी. समोरच्याकडे मधे तिघे असले की आपले दोघे अपुरे पडतात, आणि तिसरा मोकळा राहून मान वर करून पास देतो. यासाठी सगळी मांडणी मोडायची गरज नसते. चेंडू गेला की दोनपैकी एका स्ट्रायकरने त्यांच्या सगळ्यात मागच्या हाफपाशी येऊन उभं राहायचं. धावण्याचा कंटाळा असलेला स्ट्रायकर मात्र हे दोन सामने करतो आणि तिसऱ्यात विसरतो.

वहीत मधूनच आलेले गोल जास्त असतील, बॉक्सबाहेरून मारलेले किंवा दोन सेंटर बॅकच्या मधून सरकवलेले, तर ४-१-४-१. बचावफळीपुढच्या या एका माणसाचं काम धावणं नाही, उभं राहणं. संघातला सगळ्यात दमदार पळणारा इथे ठेवला की तो चेंडूमागे भटकतो आणि भोक तिथेच पडतं. शांत डोक्याचा, हळू असला तरी चालेल असा खेळाडू निवडा. तसा एक पक्का माणूस नसेल तर तिथे दोघे ठेवा, म्हणजे ४-२-३-१. दोन्हींत पुढे एकटाच उरतो. पास धरण्याच्या चाचणीत तो नापास असेल तर ही वाट बंद.

गोल क्रॉसवर किंवा बचावाच्या पाठीमागे टाकलेल्या चेंडूवर बसत असतील, आणि सेंटर बॅक हळू असतील, तर ५-३-२. मधला तिसरा बॅक इतर दोघांपेक्षा दोन-तीन मीटर मागे राहून झाडलोट करतो, म्हणजे सुटून आलेले चेंडू साफ करतो. ही मांडणी घाबरलेल्या संघाला धीर देते, आणि हीच तिची गोम आहे. दहा मिनिटांत दोन्ही विंग बॅक खाली बसतात, ते पाच जण बॉक्सच्या रेषेवर येतात, मधल्या तिघांना सगळी रुंदी झाकावी लागते आणि समोरच्यांचे बाजूचे बॅक आरामात क्रॉस टाकतात. उपाय एकच: चेंडू ज्या बाजूला, त्या बाजूच्या विंग बॅकने पुढे जाऊन भिडायचं आणि बाकीच्या चौघांनी सरकून चारची फळी करायची. २०१६च्या सप्टेंबरमध्ये आर्सेनलविरुद्ध ०-३ असं हरताना चेल्सीचे प्रशिक्षक कॉन्ते यांनी मागे तिघांची मांडणी आणली, पुढे लीगमध्ये सलग १३ सामने जिंकले आणि विजेतेपदही. पण त्यांच्याकडे दोन्ही कडांना नव्वद मिनिटं वर-खाली करणारे मोझेस आणि अलोन्सो होते. तुमच्याकडे साठ मीटरच्या चाचणीत पास झालेले दोघे नसतील, तर नाव ५-३-२ राहील आणि खेळ ५-५-०चा होईल.

उरलं दुखणं गोल न होण्याचं. यात तिसरा स्ट्रायकर घालायची घाई होते. त्याने पास देणारा एक माणूस कमी होतो आणि पास मागणारा एक वाढतो. त्याऐवजी एका बाजूच्या बॅकला पुढे जायची मोकळीक द्या, आणि तो गेला की दुसऱ्या बाजूचा बॅक मागेच राहील एवढं पक्कं करा.

दोन आठवड्यांत शिकवणं

सहा सत्रं धरा. पहिलं सत्र चेंडूशिवाय. मैदानावर फक्कीने लांबीच्या दिशेने चार रेषा मारून पाच उभे पट्टे करा. प्रशिक्षकाने चेंडू हातात घेऊन चालायचं, अकरा जणांनी त्याप्रमाणे सरकायचं. शिट्टी वाजली की सगळे जागेवर गोठतात आणि शेजाऱ्यापर्यंतची पावलं मोजतात. बचावफळीतल्या चौघांच्या हातात आठ-आठ मीटरची सुताची दोरी द्या. ती जमिनीला टेकली तर जवळ आलात, ताणली गेली तर लांब गेलात. हे फक्त चालत करायचं, पळताना दोरी पायात येते.

दुसऱ्या सत्रात हाका ठरवा. इथे एका संघात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी पोरं असतात, आणि दमल्यावर जो तो आपल्या घरच्या भाषेत ओरडतो. तीनच शब्द सगळ्यांनी पाठ करायचे: "चढ" म्हणजे फळी पुढे, "आत" म्हणजे चेंडूच्या बाजूला सरका, "धर" म्हणजे एकाने भिडायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागची जागा झाकायची. या हाका गोलकीपर आणि मधला बॅक यांनीच द्यायच्या. सगळे ओरडले की कुणीच ऐकत नाही.

तिसरं आणि चौथं सत्र आठ जणांवर सहा जणांच्या हल्ल्याचं, अर्ध्या मैदानावर, दहा-दहा मिनिटांचे तीन डाव. पाचव्यात पूर्ण सामना, पण तीसच मिनिटं. सहावं सत्र सामन्याच्या आदल्या दिवशी, हलकं, निम्मा वेळ कॉर्नर आणि थ्रो-इनना. पहिला सामना जमल्यास एखाद्या कमकुवत संघाशी मैत्रीपूर्ण ठेवा.

सामन्यात काय बघायचं

पहिली पंधरा मिनिटं स्कोअर विसरून दोनच गोष्टी मोजा: समोरच्यांनी आपल्या बॉक्सच्या आतून किती फटके मारले, आणि आपल्या दोन फळ्यांच्या मधे त्यांना किती वेळा वळून चेंडू घेता आला. हे आकडे जुन्या सामन्यांपेक्षा कमी होत असतील तर ०-१ हरलात तरी मांडणी बरोबर आहे. चार सामने ती बदलू नका. चार सामन्यांनंतरही बॉक्समधले फटके तेवढेच राहिले, तर पुन्हा वही उघडा. पण एका वेळी एकच फळी बदला; बचाव आणि मधली फळी एकदम बदलली की सुधारणा कशाने झाली, बिघाड कशाने झाला, हे कळत नाही.

आणि लाल कार्डाची तालीम आधीच करून ठेवा. दहा जण उरले की ४-४-१, आणि बाहेर काढायचा तो दुसरा स्ट्रायकर, हे सामन्याआधीच त्याला सांगून ठेवा. कडेवर उभं राहून त्या क्षणी वाद घालायला गेलात, तर तेवढ्या वेळात गोल बसतो.