मुलावर गुन्हा दाखल झाला तर काय करायचं

पहिल्या रात्री मी लेकाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, "खरं सांग, केलंस का?" तुम्ही विचारू नका. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं, आई-वडिलांशी झालेलं बहुतेक ठिकाणी नसतं. काय घडलं ते वकिलालाच सांगू द्या, तुम्ही खोलीबाहेर बसा. (मला हे फार जड गेलं.) वकील येईपर्यंत जबाब नाही, सही नाही.

मोबाइलमधले मेसेज पुसायला जाऊ नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो. फिर्यादीच्या दारात माफी मागायलाही नको, दबाव आणला असा अर्थ निघतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर एक अक्षरही नको.

एक फाइल करा: तारखा, जामिनाच्या अटी, शाळेचे कागद. अटींचा कागद आम्ही फ्रिजवर चिकटवला होता. धाकटी तो मोठ्यानं वाचायला लागली, तेव्हा कपाटाच्या आत गेला.

तारखेच्या आदल्या रात्री तो जेवायचा नाही. समजावणं मी सोडून दिलं. त्याच्या शर्टाला इस्त्री करत शेजारी उभी राहायचे. कॉलरपर्यंत गप्प असायचा, बाह्यांवर आलं की बोलायला लागायचा. केस सोडून सगळं.