खान्देशातून अन्नपूर्णा बेस कॅम्पला: सोळा दिवसांचं गणित

सातपुड्यातल्या अस्तंब्याची यात्रा पायी करणारा माणूस नेपाळातल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला पोचू शकतो. बहुतेकांचं अडतं ते घाईमुळे. सुट्टी कमी म्हणून चढाई चार दिवसांत कोंबली, की वाटेवरच्या देउरालीपर्यंत विरळ हवेने डोकं ठणकायला लागतं, आणि गुरुङ समाजाच्या ज्या गावांतून वाट जाते तिथल्या माणसांशी 'नमस्ते'पलीकडे बोलणं होत नाही. घर ते घर सोळा दिवस काढता येत नसतील, तर यंदा साल्हेर करा आणि पुढच्या वर्षी नेपाळला जा.

गाडी आणि सीमा

मुंबईहून गोरखपूरला जाणाऱ्या कुशीनगर आणि काशी एक्स्प्रेस भुसावळला थांबतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दिवाळी-छटच्या दिवसांत या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, म्हणून उघडेल त्याच सकाळी तिकीट काढा. गोरखपूरहून बसने सुनौली, सीमा पायी ओलांडायची, पलीकडे भैरहवा, आणि तिथून बुटवल-तानसेनमार्गे पोखरा, म्हणजे ट्रेकच्या पायथ्याचं शहर. हा शेवटचा टप्पा घाटाचा आहे, त्याला पूर्ण दिवस द्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नाहीतर सकाळची बस सुटेल.

व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. आधारकार्डाच्या भरवशावर निघू नका. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. त्यात कोणी घासाघीस करू लागला तर दुसऱ्या दुकानात जा. पोखऱ्यात बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं, डोंगरात चालत नाही. वाटेवर एटीएमचाही भरवसा नाही. खोली, जेवण आणि परतीची जीप यांचा पूर्ण हिशेब करून रोख पोखऱ्यातच घ्या. उंची वाढते तसे भाव वाढतात, कारण सगळा माल पाठीवर किंवा खेचरावर येतो. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवानाही पोखऱ्यातच काढायचा. सार्क देशांच्या नागरिकांना दर कमी आहे, म्हणून ओळखपत्र दाखवा. पासपोर्ट आकाराचे चार फोटो घरून न्या. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाईड सक्तीचा केला आहे. अंमलबजावणी सैल असली तरी गाईड घ्याच. गावातल्या ओळखी त्याच्याकडूनच होतात.

पाय तयार करणं

जळगाव-धुळ्याच्या सपाटीवर रोज दहा किलोमीटर चालणाऱ्याचेही गुडघे वाटेवरच्या छोम्रोङ गावी बोलतात. तिथे दगडी पायऱ्या थेट ओढ्यापर्यंत उतरतात आणि पलीकडे सिनुवाला तेवढ्याच चढतात. परतताना तेच उलटं. सरावाला पायऱ्याच हव्यात. पाच मजली इमारतीची चढण साधारण १५ मीटर. तीस फेऱ्या मारल्या तर ४५० मीटर होते, म्हणजे वाटेवरच्या एका मध्यम दिवसाएवढी. पाठीवर आठ किलो घ्या आणि उतरताना लिफ्ट वापरू नका. गुडघा दुखतो तो उतारावर, आणि मांडीचे स्नायूही उतरण्यानेच बळकट होतात. आठवड्यातून तीनदा, दोन महिने. जोडीला तोरणमाळ, पाटणादेवीचा परिसर, साल्हेर. बूट नवे असतील तर ते या सरावातच मुरू द्या. निघण्याच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा. उतारावर बोट बुटाच्या टोकाला आपटून नख काळं पडतं.

ऊन आपल्याला नवीन नाही, थंडी मात्र अंदाजाबाहेरची असते. सुती बनियन घरीच ठेवा. घामाने भिजलं की ते वाळत नाही आणि थांबलात की अंगात हुडहुडी भरते. आत ड्रायफिट (लवकर वाळणारा टी-शर्ट), वर फ्लीस (मऊ, उबदार कापडाचं जाकीट), त्यावर पिसांचं जाकीट, शेवटी वाऱ्या-पावसाचं कवच. जाकीट आणि स्लीपिंग बॅग पोखऱ्यात भाड्याने मिळते. चेन चालते का ते दुकानातच बघा.

मुक्काम कुठे

पहिला दिवस घान्द्रुक (सुमारे २०१२ मी.), मग छोम्रोङ (२१७०), बांबू (२३१०), हिमालय नावाचा थांबा (२९२०), देउराली (३२३०), माछापुच्छ्रे बेस कॅम्प (३७००) आणि सातव्या दिवशी अन्नपूर्णा बेस कॅम्प (४१३०). उतरताना बांबू आणि झिनू, दोनच मुक्काम. हिमालय ते देउराली हा जेमतेम अर्ध्या दिवसाचा टप्पा. लोक तो गाळतात आणि तिथेच फसतात. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये. डोकेदुखीसोबत मळमळ असेल किंवा भूक मेली असेल तर वर जायचं नाही. झोक जातोय, बसल्याबसल्या दम लागतोय असं दिसलं, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे घरच्या डॉक्टरला आधीच विचारा. विमा घेताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे ते वाचा.

हिंको गुहेच्या आसपास, देउरालीच्या अलीकडे-पलीकडे, वरून हिमकडे कोसळतात. ऊन चढायच्या आत तो पट्टा ओलांडा आणि तिथे फोटोसाठी रेंगाळू नका.

माणसांत मिसळणं

दुपारी दोनच्या आत मुक्कामाला पोचलात तर गाव जागं सापडतं. घान्द्रुकच्या बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी गोरखा पलटणीत गेलेलं असतं, काहींना भारतीय लष्कराची पेन्शन येते. आजोबांशी हिंदीत सुरुवात करा, गप्पा रंगतात. हाक मारताना 'दाइ' (दादा), 'दिदी' (ताई), वडीलधाऱ्या बाईला 'आमा'. पाट्या देवनागरीत असल्याने गावांची नावं वाचता येतात, वाट विचारणं सोपं जातं.

जिथे झोपायचं तिथेच जेवायचं, हा तिथला रिवाज. खोलीचं भाडं कमी असतं, मालकाची कमाई जेवणावर. सगळ्यांनी एकच पदार्थ सांगा, तोही पोचल्यावर लगेच. सहा जणांचे सहा प्रकार सांगितले तर एका चुलीवर दोन तास जातात. डाळ-भात सांगितला तर भात, डाळ, भाजी पुन्हा वाढतात. छोम्रोङच्या वर मांस चालत नाही, तो भाग पवित्र मानतात. सोबत सुकट नेली असेल तर खालीच संपवा. शेंगदाण्याची चटणी भरपूर न्या आणि दिदीलाही द्या, मात्र कोरड्या चमच्याने, डब्यातून. आपल्या ताटातलं पुढे करू नका. उष्टं त्यांनाही चालत नाही, ते त्याला 'जुठो' म्हणतात. चुलीजवळ जाण्याआधी विचारा. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत लागली तर ती उजव्या हाताला ठेवून पुढे जा.

तारखा ठरवताना पंचांग उघडा. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत दसैं असतो. भारवाहक घरी गेलेले, बसगाड्या खचाखच. दिवाळीच्या पाच दिवसांत तिहार येतो. कावळ्याचा, कुत्र्याचा, गाईचा असा एकेक दिवस, शेवटी भाऊबीज. संध्याकाळी आपल्या भुलाबाईसारखी पोरंपोरी घरोघर गाणी म्हणत फिरतात, त्याला देउसी-भैलो म्हणतात. तुमच्या लॉजपाशीही येतील. सुट्टे पैसे तयार ठेवा आणि नाचायला ओढलं तर उठा. ट्रेकच्या पहिल्या दोन दिवसांत तिहार गाठायचा असेल, तर भुसावळहून वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी निघायला हवं.