आहारशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवणार असाल तर

पहिल्या तासाला फळ्यावर काही लिहू नये. वर्गाला उभं करून एवढंच सांगावं, "जठर कुठे आहे तिथे हात ठेवा." बहुतेक हात बेंबीवर किंवा तिच्याही खाली जातात. चूक मुलांची कमी आणि भाषेची जास्त. पोट भरलं म्हणताना आपण जठराबद्दल बोलतो, पोट बिघडलं म्हणताना आतड्यांबद्दल, पोट सुटलं म्हणताना चरबीबद्दल, आणि बाई पोटुशी आहे म्हणताना गर्भाशयाबद्दल. हे चार 'पोट' वेगळे होईपर्यंत पुढचं काहीही शिकवलं तरी ते पाठांतरच ठरतं. जठराचा मोठा भाग डाव्या बरगड्यांच्या आड, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या डावीकडे असतो. यकृत उजव्या बरगड्यांमागे जवळजवळ लपलेलं असतं. बेंबीभोवती असतात ती लहान आतड्याची वेटोळी.

नव्या शिक्षकाची नेहमीची अडचण अशी की हाताशी येणारी पुस्तकं वैद्यक किंवा नर्सिंगसाठी लिहिलेली असतात. त्यांच्या क्रमाने गेलं की हाडं आणि स्नायू यांतच अर्धं सत्र सरतं आणि स्वादुपिंडाला शेवटच्या आठवड्यात वीस मिनिटं मिळतात. आहारतज्ज्ञाला शरीर कापायचं नसतं. तिच्या हातात तीन गोष्टी असतात: मोजपट्टी, अन्न देण्याच्या नळीची माहिती लिहिलेला रुग्णाचा कागद आणि आहारतक्ता. या तिघांना लागेल तेवढी रचना खोलवर शिकवावी, बाकीची ओळखीपुरती. दोन श्रेयांकांचे म्हणजे ३० तास असतील तर अशी वाटणी चालते: शब्द आणि दिशा २, पचनसंस्था यकृत-स्वादुपिंडासह ११, रक्ताभिसरण आणि लसीका (लिम्फ) ४, मूत्रपिंड ३, अंतःस्रावी ग्रंथी ३, हाडं-स्नायू-चरबी ३, प्रजनन आणि स्तन २, श्वसन आणि चेतासंस्था मिळून २. काखेतल्या नसांचं जाळं, कवटीतली छिद्रं, हाताच्या पंजाचे स्नायू हे सगळं बिनदिक्कत गाळावं.

दिशांच्या तासाला एक घोळ हमखास होतो. कागदावर समोरून शरीर काढलं की मुलं यकृत कागदाच्या उजव्या बाजूला काढतात, म्हणजे रुग्णाच्या डावीकडे. कोरा आराखडा देण्याआधीच दोन्ही कडांना 'रुग्णाचा उजवा', 'रुग्णाचा डावा' असं लिहून घ्यावं. ही सवय सत्राच्या शेवटपर्यंत सोडू देऊ नये.

शब्दांची दुसरी गंमत मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हमखास अडवते. लहान आतड्याचा शेवटचा भाग इलियम आणि कमरेच्या हाडाचा वरचा पंख तोही इलियम. इंग्रजीत निदान एका अक्षराचा फरक आहे, देवनागरीत तोही नाही. वहीत कायम 'आतड्याचा इलियम' आणि 'हाडाचा इलियम' असंच लिहायला लावावं. दुसरी जोडी कोलेक्टमी आणि कोलेसिस्टेक्टमी. पहिल्यात मोठं आतडं जातं, दुसऱ्यात पित्ताशय, आणि दोघांनंतरचा आहार अगदी वेगळा. त्यामुळे मुळं आणि प्रत्यय यांना एक पूर्ण तास द्यावा: गॅस्ट्र म्हणजे जठर, एंटेर म्हणजे आतडं, हेपाट यकृत, नेफ्र मूत्रपिंड; एक्टमी म्हणजे काढून टाकणं, ऑटमी म्हणजे चिरणं, ऑस्टमी म्हणजे तोंड उघडून ठेवणं. जेजुनोस्टमी (जेजुनमला, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाला, तोंड उघडून ठेवणं) हा शब्द न घाबरता फोडता आला की रुग्णाचा अर्धा कागद वाचता येतो.

पचनसंस्थेसाठी सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे परकराची नाडी. चार-चार जणांच्या गटाला द्यायचं सामान: पिवळ्या नाडीचा २५ सेंमी तुकडा (अन्ननलिका), एक लिटरच्या दुधाची धुतलेली रिकामी पिशवी (जठर), लाल नाडी २५ सेंमी (ड्युओडेनम, लहान आतड्याचा पहिला भाग), हिरवी नाडी अडीच मीटर (जेजुनम), निळी नाडी साडेतीन मीटर (इलियम) आणि मोठ्या आतड्यासाठी दीड मीटरची जुनी ओढणी पिळून. सगळं क्रमाने बांधायचं, वर्गाच्या एका भिंतीपासून पसरायचं, मग जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसवून दाखवायचं. ओढणी मुद्दामच जाड घ्यावी. 'लहान' आतडं हे नाव रुंदीवरून आहे, लांबीवरून नाही, हे नुसतं सांगून पटत नाही. एक सूचना मात्र द्यावी. सहा मीटर ही पुस्तकातली लांबी झाली. जिवंत माणसात स्नायूंच्या ताणामुळे आतडं आखडलेलं असतं आणि माणसागणिक लांबी साधारण तीन ते आठ मीटर इतकी बदलते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर 'किती कापलं' यापेक्षा 'किती उरलं' हे विचारायचं असतं. दोन मीटरपेक्षा कमी लहान आतडं उरलं की रुग्णाचं पोषण धोक्यात येतं.

नाडी पसरलेलीच ठेवून तिच्यावर चिठ्ठ्या लावायच्या. लोह आणि कॅल्शियम लाल तुकड्यावर आणि हिरव्याच्या सुरुवातीला. साखर, अमिनो आम्लं आणि मेद यांचा मोठा भाग हिरव्यावर. बी-१२ आणि पित्तक्षार (मेद पचवायला मदत करणारे पित्तातले क्षार) निळ्याच्या अगदी शेवटी. पाणी, सोडियम आणि तंतूंपासून जिवाणूंनी केलेली लघुशृंखल मेदाम्लं ओढणीवर. आता कात्री द्यायची. निळ्याचं शेवटचं ६० सेंमी कापा, काय गेलं? बी-१२. एक मीटर कापा? पित्तक्षार परत येत नाहीत, यकृत भरून काढता काढता थकतं आणि मेद मळावाटे जायला लागतो. सोबत ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही. आपल्याकडे हा भाग कापावा लागण्याचं एक कारण म्हणजे आतड्याचा क्षय, कारण लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतं तीच त्याची सर्वात लाडकी जागा. कात्रीचा हा तास कितीही लांबला तरी लांबू द्यावा. दुसऱ्या वर्षाच्या उपचारात्मक आहाराचा पाया इथेच पडतो.

बी-१२ चा प्रवास वेगळा घ्यावा. एका जीवनसत्त्वात अर्धी पचनसंस्था येते. जठराच्या वरच्या आणि मधल्या भागातल्या पेशी इंट्रिन्सिक फॅक्टर (बी-१२ ला धरून नेणारं प्रथिन) तयार करतात, स्वादुपिंडाची विकरं बी-१२ ला आधीच्या प्रथिनापासून सोडवतात, मग ते इंट्रिन्सिक फॅक्टरला चिकटून थेट इलियमच्या टोकापर्यंत जातं, तिथे शोषलं जातं आणि यकृतात साठतं. साठा काही वर्षं पुरतो, म्हणून जठर काढल्यावर लगेच काही दिसत नाही. "मग इंजेक्शनऐवजी सगळ्यांना गोळी का देत नाहीत?" हा प्रश्न वर्गातून आला की समजावं, नकाशा डोक्यात बसला.

पित्ताबद्दलची चूक इतकी पक्की असते की ती तीनदा खोडावी लागते. पित्त पित्ताशयात बनत नाही. ते यकृतात बनतं, रोज साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ३० ते ५० मिली मावणारी पिशवी, जी त्याला घट्ट करून जेवण आलं की सोडते. पित्ताशय काढलेल्या माणसाला पित्त मिळतच राहतं, फक्त एकदम मिळत नाही. त्याला जन्मभर तेल-तूप बंद, असा सल्ला देणारी मुलगी हा धडा चुकलेली असते. पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते, ही एकच गोष्ट आकृतीत ठळक करावी. त्या डोक्यात गाठ झाली की कावीळ, पांढुरका मळ आणि मेदाचं अपचन एकत्र का येतं, हे मग सांगावं लागत नाही.

आतड्याच्या आतल्या थराची सूक्ष्मदर्शकाखाली एकच काचपट्टी दाखवली तरी पुरे, उद्वर्ध (बोटांसारखे बारीक उंचवटे) स्पष्ट दिसणारी. इथे एक जुना आकडा वहीतून काढायला हवा. आतड्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं असं अजून लिहून दिलं जातं. २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नव्याने मोजलं तेव्हा ते सुमारे ३० चौरस मीटर निघालं, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या कोर्टापेक्षाही कमी.

शोषलेलं अन्न कुठे जातं, इथे दोन रंगांचे पेन हवेत. निळ्याने प्रवेशिका शीर (पोर्टल व्हेन): साखर आणि अमिनो आम्लं आतड्यातून थेट यकृतात. पिवळ्याने लसीका: लांब साखळीचा मेद कायलोमायक्रॉन (मेदाचे सूक्ष्म कण) होऊन लसीकावाहिन्यांत, तिथून छातीतल्या मोठ्या नलिकेने डाव्या खांद्याजवळच्या शिरेत, म्हणजे यकृताला आधी वळसा घालून. मध्यम साखळीचा मेद मात्र निळ्या वाटेने जातो, म्हणून लसीका गळणाऱ्या रुग्णाला एमसीटी (मध्यम साखळीच्या मेदाचं) तेल देतात. लगेच कोणीतरी म्हणतं, मग खोबरेल द्या. खोबरेलात सर्वात मोठा वाटा १२ कार्बनच्या लॉरिक आम्लाचा असतो आणि त्याचा बराच भाग पिवळ्या वाटेनेच जातो. कोकणातल्या वर्गात या मुद्द्यावर वाद होणार, होऊ द्यावा.

शरीरावर रचना शोधण्यासाठी प्लास्टिकचे वापरून फेकायचे एप्रन आणि जाड मार्कर आणावेत. जोडीतल्या एकीने एप्रन घालून पाठीवर झोपायचं, दुसरीने आधी हाडांच्या खुणा चाचपून टिंबं द्यायची: गळ्याखालची खाच, छातीच्या हाडाचं टोक, बरगड्यांची खालची कड, कमरेच्या हाडाचा माथा. खाच आणि जांघेच्या मधल्या हाडाचा सांधा यांच्या बरोबर मध्यावर आडवी रेघ मारली की तिच्यावर जठराचं खालचं तोंड, पित्ताशयाचं टोक, स्वादुपिंडाची मान आणि मूत्रपिंडांचे दरवाजे सापडतात. मागच्या बाजूचे अवयव तुटक रेषेने काढायचे. उभं राहिल्यावर आणि जेवल्यावर जठर या रेषेच्या खाली उतरतं, हेही सांगावं. जोड्या मुलींनी मुलींच्याच निवडाव्यात, आणि नको म्हणणारीला कारण विचारू नये.

मोजमापं याच तासाला जोडून घ्यावीत. कमरेचा घेर हाताला लागणाऱ्या शेवटच्या बरगडीची खालची कड आणि हाडाच्या इलियमचा माथा यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर. बेंबीवर नाही, आणि साडी असेल तर नाडीच्या वळावर तर मुळीच नाही. दंडाचा घेर घेताना मध्यबिंदू काढायला कोपर काटकोनात वाकवायचं आणि टेप लावताना हात सैल सोडायचा. मुलं नेमकं उलटं करतात. खांद्यावर जत्रुकाचं (गळ्याजवळच्या आडव्या हाडाचं) टोक धरून मोजलं की मध्यबिंदू वर सरकतो. उंची मोजता येत नसलेल्या रुग्णाची उंची कोपराच्या टोकापासून मनगटाच्या उंचवट्यापर्यंतच्या हाडावरून काढतात, तोही सराव करून घ्यावा.

अन्न देण्याची नळी आहारतज्ज्ञ घालत नाही, पण तिचं टोक कुठे आहे हे तिला विचारावंच लागतं. जठर साठवतं, त्यामुळे तिथे दर काही तासांनी एकदम २०० ते ३०० मिली चालतं. जेजुनममध्ये साठवण नाही. तिथे तेच एकदम सोडलं तर पोटात कळा आणि जुलाब, म्हणून थेंबाथेंबाने.

खरे अवयव दाखवायचे असतील तर महाविद्यालयाची परवानगी घेऊन मटणाच्या दुकानातून बोकडाची कलेजी आणि हृदय आणावं. आदल्या दिवशी सांगून ठेवावं की पित्ताची पिशवी लागलेलीच हवी, नाहीतर कलेजी कडू होऊ नये म्हणून खाटीक ती आधीच काढतो. गुर्दाही चालेल, पण त्यात माणसासारखे सुटे पिरॅमिड नसून एकच सलग कंगोरा असतो. वजडी मात्र आणू नये. बोकड रवंथ करणारा, त्याला चार कप्पे, आणि पहिल्या कप्प्यातली टॉवेलसारखी लव मुलांना उद्वर्धच वाटते. खरे उद्वर्ध जेमतेम एक मिलिमीटरचे असतात. सगळं बर्फात आणून त्याच दिवशी संपवावं, हातमोजे द्यावेत, ट्रे १ टक्का हायपोक्लोराइटने धुवावेत. शाकाहारी मुलींसाठी शेजारच्या टेबलावर प्लास्टिकची प्रतिकृती आणि तेच प्रश्न, म्हणजे कोणी मागे पडत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाची भेट मिळाली तर नाडीचा आणि एप्रनचा तास झाल्यावरच न्यावं, आधी नेलं तर फॉर्मलिनचा वास तेवढा लक्षात राहतो. एका वेळी १५ ते २० जणी, फोन बाहेर, आणि प्रत्येकीच्या हातात पाचच प्रश्न: यकृताला हात लावून कडा दाखवा, पित्ताशय शोधा, स्वादुपिंड कशाच्या मागे आहे, लहान आतडं मोठ्याला कुठे मिळतं, उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा खाली का. परत आल्यावर तोंडी परीक्षेतही आकृतीला नावं द्यायला सांगू नयेत. कोरा आराखडा द्यावा, पेन द्यावं आणि विचारावं, "या रुग्णाचा शेवटचा मीटरभर इलियम गेला आहे. तो कुठे होता ते काढ, आणि पहिल्या आठवड्यातल्या ताटातून काय कमी करशील ते सांग."