रुमाल सोडण्याआधी : इतिहास संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.ए.ला इतिहासलेखनशास्त्राचा पेपर असतो. रांके, मार्क्सवादी, अ‍ॅनाल्स, सबाल्टर्न (तळच्या माणसांचा इतिहास लिहिणारा), उत्तर-आधुनिक असे पंथ. प्रत्येकाची पाच वैशिष्ट्यं, पाच मर्यादा. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा निघायला एवढी शिदोरी पुरते. पीएच.डी.ला नाव नोंदवून दफ्तरात, म्हणजे जुन्या कागदांच्या संग्रहात, बसलं की मात्र पंचाईत होते, कारण समोर आलेल्या मोडी कागदाच्या माथ्यावर ‘हा सबाल्टर्न कागद’ असं कोणी लिहून ठेवलेलं नसतं. मी मराठा काळातल्या गावगाड्यावर काम केलं. या विषयात येऊ पाहणारी मुलंमुली भेटतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मॅडम, कोणता सिद्धांत घेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी कागद बघ, आणि तो इथवर आला कसा ते बघ. इतिहासकारांत आज जे वाद चालू आहेत, त्यातले निम्मे या दुसऱ्या गोष्टीवरच आहेत.

पुण्याच्या पेशवे दफ्तराचंच घ्या. कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला तिथे रुमाल म्हणतात आणि असे हजारो रुमाल आहेत. नवख्याला वाटतं, पेशव्यांनी कारभार केला, कागद ठेवले, ते आपल्याला मिळाले. मधली गोष्ट राहूनच जाते. १८१८ नंतर कंपनी सरकारला छडा लावायचा होता की कोणाचं इनाम (सरकारने बहाल केलेली जमीन किंवा उत्पन्न) खरं आणि कोणाचं बनावट. १८५२च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं आणि जुने कागद त्या कामासाठी चाळले गेले, लावले गेले. म्हणून जमीन, वसुली, हक्क, मोईन (ठरलेल्या नेमणुका) यांचे हिशेब तिथे डोंगराएवढे आहेत. नाना फडणिसांचा मोठा पत्रव्यवहार मात्र या दफ्तराबाहेर, त्यांच्या मेणवलीच्या वाड्यात राहिला. सरकारी दफ्तराचं दार बंद, म्हणून इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगावच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळत फिरले. १८९८ साली निघालेला त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड वाईला सापडलेल्या कागदांवर उभा आहे आणि त्यात १७५० ते १७६१ची पत्रं आहेत. पेशवे दफ्तरातले निवडक कागद इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली ४५ खंडांत छापले गेले ते थेट १९३० नंतर.

‘निवडक’ या शब्दापाशी जरा थांबा. त्या निवडीत मोहिमा, तह, दरबारी राजकारण यांना मान होता, आणि त्या पिढीला तेच हवं होतं. त्याच दफ्तरात कुणबिणींच्या म्हणजे दासींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, बदअमलाच्या (अनैतिक ठरवलेल्या संबंधांच्या) गुन्हेगारीचे म्हणजे दंडाचे आकडे आहेत, वेठीला धरलेल्या माणसांचे उल्लेख आहेत. ते कोणी दडवले नव्हते. त्यांना कोणी प्रश्नच विचारला नव्हता. १९८२ पासून रणजित गुहा आणि त्यांच्या सोबत्यांनी वसाहतकालीन शेतकरी उठावांच्या संदर्भात सरकारी कागद उलटा, म्हणजे लिहिणाऱ्याच्या हेतूविरुद्ध, वाचायला शिकवलं. स्त्रियांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि जातीचा अभ्यास करणाऱ्यांनी पेशवाईचे हिशेब तसेच वाचले. तेव्हा छापील खंड जरूर वाचा, पण त्यांच्यावर प्रबंध उभा करू नका. न छापलेला रुमाल मागवा.

आता एक कागद जवळून बघू. वतनाचा, म्हणजे पाटीलकी-कुलकर्णीसारख्या वंशपरंपरागत हक्काचा, तंटा मिटला की महजर म्हणजे निवाड्याचा कागद होत असे. दोन्ही बाजू आपापला करीना सांगत, म्हणजे वतन कोणत्या पूर्वजाला कसं मिळालं, मधल्या धामधुमीत गाव कसं ओस पडलं, भाऊबंदांनी कसं दडपलं, अशी सगळी हकीकत. मग गोतसभेचा, म्हणजे गावकरी आणि वतनदारांच्या सभेचा, निवाडा, आणि खाली साक्षी. कुलकर्णी सही करतो. लिहिता न येणारे आपल्या धंद्याची निशाणी काढतात: पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा. मला विचाराल तर आख्ख्या कागदात वाचण्यासारखा भाग हाच. कोणाची निशाणी कोणाच्या वर आहे, कोणाची नाहीच, कोण गावचा असूनही सभेला नाही, यावरून गावातली उतरंड दिसते. छापील प्रतीत हा भाग अनेकदा ‘साक्षी वगैरे’ म्हणून आटोपलेला असतो.

करीन्याची आणखी एक गंमत. त्यात माणूस आपल्या घराण्याची गोष्ट रचून सांगतो, कारण त्यावर वतन अवलंबून असतं. बखरींचं मूळ अशा अदालती सांगण्यात शोधणारं चांगलं संशोधन गेल्या वीसेक वर्षांत झालं आहे. राजवाड्यांच्या काळात अस्सल कागद श्रेष्ठ आणि बखर म्हणजे भाकडकथा, अशी सरळ विभागणी होती. ती भूमिका त्या वेळी गरजेची होती, नाहीतर ग्रँट डफ या इंग्रजी अधिकाऱ्याच्या १८२६च्या मराठ्यांच्या इतिहासाला आपण कशाच्या जोरावर उत्तर दिलं असतं? पण आज तेवढ्यावर भागत नाही. पानिपतावर किती माणूस पडलं याला बखर कामाची नाही. तो पराभव लोकांनी मनाशी कसा लावला, दोष कोणाच्या माथी मारला, हे मात्र बखरच सांगेल. दोन्ही प्रश्न इतिहासाचेच आहेत. फक्त एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात घालू नका. समाजमाध्यमांवरची निम्मी भांडणं त्यातूनच होतात.

तारखांबद्दल थोडं, कारण व्हायवात म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत इथेच विकेट जाते. मोडी पत्रात साल येतं ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असं. एक, सत्तर, शंभर, हजार : सुहूर सन ११७१. हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे ६००. इथे १७७०-७१ येतं. सतराव्या शतकात भानगड वाढते. गोव्याचे पोर्तुगीज, पोर्तुगालने १५८२ साली स्वीकारलेलं नवं ग्रेगरियन पंचांग पाळत होते आणि सुरतेचे इंग्रज १७५२ पर्यंत जुनंच ज्युलियन. एकाच दिवसाला या दोघांच्या कागदांत दहा दिवसांचा फरक पडतो. शिवराज्याभिषेकाची ६ जून ही तारीख ज्युलियन आहे, ग्रेगरियन धरली तर १६ जून.

शिवजन्माचा वाद तर प्रत्येकाने एकदा मुळापासून वाचावा. बखरींच्या परंपरेने शके १५४९चा वैशाख सांगितला. टिळकांनी १९१६ साली छापलेल्या जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींत) फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे तंजावरला सापडलेल्या शिवभारत या संस्कृत काव्याने तिलाच पुष्टी दिली. कोणतं साधन किती जुनं, कोण कोणावरून उतरवतो, दोन साधनं खरोखर स्वतंत्र आहेत का, असं सगळं पद्धतिशास्त्र या एका तारखेत शिकून होतं. अजून तारीख आणि तिथी अशा दोन जयंत्या होतात, ती गोष्ट वेगळी. तो पुराव्याचा प्रश्नच नाही.

वर्तमानाने भूतकाळात किती डोकवावं यावर जगभर भांडण आहे. २०२२च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स स्वीट यांनी लिहिलं की आजच्या राजकारणाच्या चष्म्यातून भूतकाळ वाचण्याचं प्रमाण फार वाढलं आहे. इतका गहजब झाला की दोन-तीन दिवसांत त्यांनी माफी मागितली. आपल्याकडे हा प्रश्न जास्त जिवावरचा आहे. २००४च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तो शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकावरूनच. तरीही ‘आजचे प्रश्न नकोत’ हा सल्ला मला पटत नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, बोलतं करून १९८९ साली पुस्तक काढलं, ते आजच्या गरजेतूनच. त्या मुलाखती तेव्हा घेतल्या नसत्या तर ती साधनं त्या बायकांबरोबरच गेली असती. प्रश्न आजचा असू दे, उत्तर मात्र आधीच ठरवून दफ्तरात जाऊ नये.

यंत्राबद्दल हल्ली सगळेच विचारतात. मोडी वाचायला संगणकाला शिकवण्याचे प्रयोग चालू आहेत आणि ते व्हायलाच हवेत. एवढे रुमाल माणसांनी वाचून संपणार नाहीत. पण मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. शब्द कुठे तोडायचा हे वाचणारा ठरवतो. यंत्राचं वाचन कच्चा खर्डा म्हणून घ्या. एआयने दिलेला संदर्भ मूळ कागद उघडून बघितल्याशिवाय तळटीपेत घालाल तर गाईडच्या आधी रेफरी, म्हणजे प्रबंध-लेख तपासणारा तज्ज्ञ, पकडेल.

पोटापाण्याचं थोडक्यात. जेआरएफ (संशोधनाची सरकारी फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. नाही मिळाली तर सीएचबीवर (तासाच्या मानधनावर) तासिका घेत संशोधन करायची तयारी ठेवा, आणि ते मानधन वेळेवर येईल असं धरून घरभाडं ठरवू नका. मोडीचा वर्ग एम.ए. चालू असतानाच करा. फारसीची तोंडओळख झाली तर सोन्याहून पिवळं. प्रबंध मराठीत लिहायला कचरू नका, पण एखादा तरी लेख इंग्रजीत काढा, नाहीतर टोकियोत बसून दख्खनच्या वतनांवर काम करणाऱ्याला तुमचा पत्ताच लागणार नाही.

आणि गाईडकडे पहिल्यांदा जाताना चकचकीत सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) नेऊ नका. एका कागदाचं स्वतः केलेलं लिप्यंतर न्या. रुमाल क्रमांक, कोणी कोणाला लिहिलं, कागद कोणी कशासाठी जपला, एवढं खाली टिपा. न लागलेले शब्द अंदाजाने भरू नका, तिथे टिंबं द्या. मला तरी मुलांशी त्या टिंबांबद्दलच बोलायला आवडतं.