राखीव काडतुसे बाळगताना या चुका टाळा

कोकणात शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या घरी बंदूक बहुधा चांगली ठेवलेली आढळते. वर्षाकाठी तिला तेल मिळते, दसऱ्याला फूल मिळते, आणि आल्यागेल्याला ती कौतुकाने दाखवलीही जाते. काडतुसे मात्र त्याच घरात कोठे तरी पडलेली असतात. राखीव साठा कशासाठी ठेवायचा हे विचारले तर "असावीत जवळ" याच्या पलीकडे उत्तर मिळत नाही, आणि कारणच ठाऊक नसल्यामुळे तो कसा ठेवायचा याचाही विचार झालेला नसतो.

आपल्याकडे साठ्याची गरज निर्माण करणारा पाऊसच त्या साठ्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, वर आंबोलीला त्याच्या दुपटीहून अधिक, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. परवानाधारक विक्रेता जिल्ह्याच्या गावी किंवा घाटावर असतो. काडतुसे घ्यायची तर मूळ परवाना घेऊन स्वतः जावे लागते, खरेदीची नोंद करून घ्यावी लागते, आणि छऱ्याचा हवा तो नंबर दुकानात असेलच याची खात्री नसते. करूळ किंवा भुईबावड्याच्या घाटात दरड आली की तो मार्गही काही दिवस बंद होतो. नेमक्या याच सुमारास भात निसवू लागते, लोंबीत दूध भरते आणि रानडुकरे मळ्यात उतरतात. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेले भात पुन्हा उभे राहत नाही, म्हणून पावसाळ्यापूर्वी हाताशी साठा हवा. दुसरे कारण असे की प्रत्येक बंदुकीचा छर्रा वेगळा पसरतो. नव्या खोक्यातील एक-दोन काडतुसे मोकळ्या, सुरक्षित जागी उडवून पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबता येत नाही, आणि ही चाचणीची काडतुसे राखीव साठ्यातूनच जाणार हे आधीच धरून चालावे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुकरावर बार टाकता येत नाही, आणि बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे, हे येथेच सांगून ठेवतो.

आता चुकांकडे येतो. सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत महागात पडू शकणारी चूक म्हणजे वर्षाचा सगळा कोटा एकदम उचलून तो जागा सापडेल तेथे ठेवून देणे. आमच्या शेजारच्या मळ्यातील एका तरुणाने, मुंबईची नोकरी सोडून बागायतीत उतरल्यावर, हेच केले होते. दर वेळी विक्रेत्याकडे हेलपाटा नको म्हणून त्याने मे महिन्यात एकगठ्ठा काडतुसे आणली, कागदी कवचाची, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पडवीतल्या लाकडी पेटीत ठेवली. पेटीला कुलूप होते, त्यामुळे काम चोख झाले असा त्याचा समज होता. ती पेटी चिऱ्याच्या भिंतीला टेकलेली होती, आणि चिरा पावसाळाभर पाणी धरून ठेवतो. शिवाय पिशवी बांधली होती ती दमट हवेच्या दिवशी, म्हणजे ओल बाहेर राहण्याऐवजी आतच कोंडली गेली. एक पावसाळा निघाला, दुसराही निघत आला, आणि गणपती उठल्यानंतर डुकरे आली. वनखात्याचा कागद हातात असल्यामुळे हा रात्री दुनळी घेऊन मळ्यात बसला.

मी पलीकडच्या मांगरात होतो. पहिल्या चापाला काहीच झाले नाही. दुसऱ्याला जो आवाज आला तो बाराचा नव्हता, ओल्या फटाक्यासारखा फुसका होता. मी कंदील घेऊन बांध ओलांडेपर्यंत या गृहस्थाने बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही काडतुसे बाहेर काढली होती आणि नवी दोन भरून ती मिटलीही होती. "काकानू, एक बार उडूक नाय, दुसरो नुसतो फुसकलो," एवढे सांगून तो पुन्हा नेम धरू लागला. मी त्याला थांबवले, बंदूक मोडायला लावली, काडतुसे काढली आणि मागच्या बाजूने नळ्यांत बॅटरीचा उजेड पाडला. उजवी नळी आरपार दिसत होती. डावीच्या मध्यावर दारू आणि छर्रे यांच्यामधला डाट, ज्याला विक्रेते वॅड म्हणतात, घट्ट अडकून बसला होता. ओलावलेल्या दारूला तो बाहेर फेकण्याइतका जोर आला नव्हता. त्या नळीतून पुढचे चांगले काडतूस उडाले असते, तर दाबाला पुढे वाट मिळाली नसती आणि नळी फुगली किंवा फाटली असती. नळीखाली जो हात धरलेला असतो तो कोणाचा, हे सांगायला नको.

एका रात्रीत त्याने दोन चुका केल्या, आणि दोन्ही घाईच्या होत्या. चाप ओढून बार झाला नाही तर बंदूक लगेच मोडायची नसते. नळी सुरक्षित दिशेला, मोकळ्या जमिनीकडे धरून किमान अर्धे मिनिट, आणि माझ्या सवयीप्रमाणे पूर्ण मिनिटभर, थांबायचे असते, कारण टोपीची, म्हणजे काडतुसाच्या बुडातील ठिणगी पाडणाऱ्या भागाची, ठिणगी दारूपर्यंत उशिरा पोहोचू शकते आणि उघडलेल्या बंदुकीत काडतूस पेटले तर ते तोंडाशी पेटते. आवाज फुसका आला तर ती रात्र तेथेच संपली असे समजावे, आणि नळीतून उजेड आरपार दिसेपर्यंत दुसरे काडतूस भरू नये. डुकरे उद्याही येतील. नवशिक्याला हे कितीही सांगितले तरी समोर लोंब्या खाणारे जनावर दिसताच तो मिनिटभर थांबायला तयार नसतो, आणि म्हणूनच नव्या परवानाधारकाने पहिला हंगाम जाणत्या माणसाच्या शेजारी बसून काढावा असे माझे मत आहे.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे, कारण ती जुन्या शहाणपणाच्या नावाखाली केली जाते. काडतुसांना ऊन देणे, चुलीवरच्या माळ्यावर ठेवणे, किंवा गंजू नयेत म्हणून त्यांना खोबरेल चोळणे, हे तिन्ही प्रकार मी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत पाहिले आहेत. उन्हाची प्रथा कोठून आली हे कळण्यासारखे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर बांधावा, त्याच्याभोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण घालावे, दारूला सरदी पावू देऊ नये आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून, ऊन देऊन पुन्हा मोहोरबंद करावी, असे सांगितलेले आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारख्या चारी बाजूंनी खारी हवा खाणाऱ्या किल्ल्यांना तर ते फारच लागू होते. परंतु ती सुटी काळी दारू होती, सोरा, कोळसा आणि गंधक यांची, बस्त्यांत आणि मडक्यांत भरलेली. ती ओल धरते आणि उन्हात सुकते. आजच्या काडतुसातील धूररहित दारू बंद कवचात असते. तिच्यात शिरलेली ओल चार तासांच्या उन्हाने बाहेर येत नाही, उलट उष्णतेने ती दारू लवकर खराब होते. चुलीवरच्या माळ्याचे तर बोलायलाच नको. तेलाची गोष्ट याहून वाईट आहे, कारण तेल टोपीच्या कडेने झिरपून आतील मसाला निकामी करते आणि बाहेरून काडतूस नव्यासारखे चकचकीत दिसत राहते. गंजलेले काडतूस निदान डोळ्यांना सावध तरी करते. काडतूस कोरड्या फडक्याने पुसावे, त्यापलीकडे त्याला काही लावू नये.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे आणि ती सर्वांना पटेलच असे नाही. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्यावा. पाऊस लागण्यापूर्वीच्या कोरड्या दुपारी काडतुसे मूळ खोक्यांसकट त्यात ठेवावीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि खोक्यावर खरेदीचा महिना व वर्ष लिहावे. निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदलाव्यात. डबा बंदुकीपासून वेगळ्या कुलपात, घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा. पावसाळ्यात तो उगाच उघडू नये, कारण झाकण जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा दमट हवा आत जाते. म्हणून हंगामाला लागतील तेवढी काडतुसे लहान डब्यात वेगळी काढून ठेवतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सगळी तपासावीत. कागदी कवच फुगलेले असेल, पितळी बुडावर हिरवट डाग असेल, किंवा टोपी काळवंडली असेल, तर ते काडतूस बाद. फुगलेले काडतूस अंगठ्याने दाबून कोठीत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, बसवणारे लोक आहेत, त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ दवडत नाही. आणि जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे. नव्या खोक्यावर जुनी सुटी काडतुसे ओतली की हा क्रम कायमचा बिघडतो.

चामड्याच्या पट्ट्यात काडतुसे वर्षभर खोचून ठेवू नयेत. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये पितळ खातात.

वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या डब्यात कधीही नको. बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचा आकडा, आणि तो जितका मोठा तितकी नळी अरुंद, म्हणून वीसचे काडतूस बाराच्यापेक्षा बारीक असते. ते बारा बोअरच्या कोठीतून घसरून पुढे नळीत अडकते, बंदूक रिकामी आहे असे वाटून मागे बारा बोअरचे भरले जाते, आणि मग जे होते ते वर सांगितलेल्या गोष्टीहून भयंकर असते. वीसचे कवच बहुधा पिवळे करतात ते याचसाठी. तसेच जुन्या बंदुकीची कोठी ६५ मिलिमीटरची असेल तर ७० ची काडतुसे "बसतात की" म्हणून साठवू नयेत. ती बसतात, परंतु उडताना उघडणाऱ्या तोंडाला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

कायद्याच्या बाजूने लोक ज्या चुका करतात त्या अज्ञानापेक्षा भिडेने अधिक होतात. परवान्यावर दोन आकडे लिहिलेले असतात, एका वेळी जवळ बाळगायच्या काडतुसांचा आणि वर्षभरात घ्यायच्या काडतुसांचा. राखीव साठा म्हणजे यांतील पहिल्या आकड्याच्या आतला साठा. शेजाऱ्याने "चार दे, दिवाळीला परत करतो" म्हटले तर नाही म्हणावे, मग तो सख्खा चुलतभाऊ असला तरी. काडतुसे हातउसनी देणे म्हणजे हस्तांतर, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात त्याला मोकळीक नाही. आजोबा वारल्यावर त्यांच्या पेटीत निघालेली काडतुसे वारसाहक्काने आपली होत नाहीत. परवानाधारक गेला की बंदूक आणि काडतुसे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात आणि परवान्यासाठी आपल्या नावाने अर्ज करावा लागतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर पावतीवर बंदुकीबरोबर काडतुसांचा प्रकार आणि संख्या लिहून घ्यावी, आणि परत आलेली काडतुसे तपासल्याशिवाय आपल्या कोरड्या डब्यात टाकू नयेत.

बाद झालेली काडतुसे विहिरीत, खाडीत किंवा नारळाच्या आळ्यात टाकण्याची चाल अजून गेलेली नाही. आळ्यात पुरलेले काडतूस पुढे कोणाच्या तरी कुदळीखाली येते किंवा पोरांच्या हाती लागते. ती काडतुसे वेगळ्या पिशवीत, "बाद" अशी चिठ्ठी लावून ठेवावीत, परवान्यासह पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे न्यावीत आणि लेखी पोच घ्यावी. घरच्या वहीतून तेवढी संख्या त्याच दिवशी वजा करावी, म्हणजे पुढच्या मे महिन्यात किती नवी आणायची हा हिशेब विक्रेत्याच्या दारात उभे राहून करावा लागणार नाही.