आकाशात अनोळखी दिवे दिसले? नोंद करताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती दिशा आणि वेळ न लिहिण्याची चूक. "डोंगरावर मोठा दिवा दिसला" एवढ्यावर चौकशी करणाऱ्याने शोधायचे तरी काय? २०१२ मध्ये लडाखच्या सीमेवर जवानांना रात्री पिवळसर गोळे दिसू लागले. चीनच्या बाजूने वर यायचे, तीन ते पाच तास सरकायचे, मग नाहीसे व्हायचे. हेरगिरीचा संशय आला. अखेर भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी छडा लावला: गुरू आणि शुक्र! खरे तर ते 'तीन ते पाच तास'च बोलके होते. ग्रह-तारे तासाला सुमारे १५ अंश सरकतात. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश भरते. तेव्हा "पूर्वेला, क्षितिजापासून दोन मुठी वर, रात्री ९.१०" असे लिहा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

आकार आणि अंतर मात्र लिहू नका. अंधारात "फुटबॉलएवढा, दोन किलोमीटरवर" हा निव्वळ अंदाज असतो, आणि तोच पुढे पुरावा म्हणून फिरतो.

किती वेळ दिसले, हेही लिहा. उल्का काही सेकंदांत विझते, उपग्रह काही मिनिटांत आकाश ओलांडतो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भापासून मराठवाड्यापर्यंत दिसलेल्या जळत्या रेषा सावकाश, एकामागोमाग एक जात होत्या. कोणी उल्कावर्षाव म्हणाले, कोणी विमान. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी पडली आणि चर्चा चिनी रॉकेटच्या अवशेषांकडे वळली. असा तुकडा सापडला तर हात लावू नका, आधी पोलिसांना कळवा.

चुका फक्त बघणाऱ्यांच्याच नसतात. १९६६ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या दिव्यांवर हवाई दलाचे सल्लागार जे. ॲलन हायनेक यांनी दलदलीतल्या वायूचे कारण पुढे केले. लोक चिडले, हसे झाले आणि प्रकरण संसदेपर्यंत गेले. घाईने दिलेले उत्तर गप्प बसण्यापेक्षा वाईट, असे माझे मत.

'अनोळखी' म्हणजे परग्रहवासी, हा अर्थही काढू नका. अशा दिव्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'मध्ये १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या. त्यांतल्या ७०१ अनोळखीच राहिल्या.

मोबाइलवर झूम करून काढलेला थरथरता ठिपका कुणाच्याच कामाचा नाही. फोन भिंतीला टेकवा आणि चौकटीत झाड किंवा छप्पर येऊ द्या.