टुंड्रातल्या बर्फाचं मॉडेल चालवताना या चुका टाळा

बर्फाची जाडी जुळली, त्यातल्या पाण्याचा हिशेबही जुळला, की मॉडेल बरोबर आहे असं धरून पुढं जाणं ही टुंड्रातली सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन्ही आकडे बेरजेचे आहेत. आतले थर उलटे लागले तरी बेरीज तीच येते.

आणि ते उलटे लागतातच. बर्फाचे थर मोजणारी दोन नेहमीची मॉडेलं म्हणजे क्रोकस आणि स्नोपॅक. क्रोकस फ्रान्समध्ये तयार झालं, स्नोपॅक स्वित्झर्लंडमध्ये, आणि दोन्हींची मुळं आल्प्समधल्या हिमस्खलनाच्या अंदाजात आहेत. तिथं बर्फ जाड असतो, वरच्या भारानं तळ दाबला जातो. उत्तर कॅनडात इनुविकजवळच्या ट्रेल व्हॅली क्रीकला तो जेमतेम गुडघाभर. हिवाळ्याच्या सुरुवातीला जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि हवा उणे ३० असेल, तर ४० सेंटिमीटर थरात तापमानाला मीटरमागे ७५ अंशांचा उतार पडतो. तळाची वाफ वर निघून जाते आणि खाली साखरेसारखे सुटे, मोठे स्फटिक राहतात. हा डेप्थ होअर. त्याच्यावर वाऱ्यानं घट्ट केलेला विंड स्लॅब. म्हणजे हलका थर खाली, जड वर.

इथं अनेकजण फसतात. क्रोकसच्या आउटपुटमध्ये तळाशी कणाचा प्रकार डेप्थ होअर दिसतो आणि जीव भांड्यात पडतो. पण मूळ क्रोकस फक्त कणाचं रूप बदलतं, वाफेबरोबर वस्तुमान एका थरातून दुसऱ्यात नेत नाही, म्हणून तळ हलका होतच नाही. घनतेचा आलेख स्वतंत्रपणे काढून बर्फात खणलेल्या खड्ड्यातल्या मोजमापाशेजारी ठेवाच.

दुसरी गडबड ताज्या बर्फाच्या घनतेत. क्रोकसचं नेहमीचं सूत्र आल्प्समधल्या कोल द पोर्तच्या नोंदींवरून आलंय: १०९, अधिक शून्याच्या वरखालच्या अंशांची सहापट, अधिक वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाची २६ पट. उणे २५ अंश आणि सेकंदाला ९ मीटर वारा घालून बघा. उत्तर ३७ येतं, आणि मॉडेल ते किमान मर्यादेवर, ५० किलो प्रति घनमीटरवर, आणून ठेवतं. एवढ्या वाऱ्यात पडलेला बर्फ इतका हलका राहूच शकत नाही. वाऱ्याचा परिणाम आणि वाऱ्यानं गाठता येणारी कमाल घनता, दोन्ही वाढवा. झुडपं असतील तिथं त्यांच्या उंचीपर्यंतचं दाबलं जाणं कमी करा, कारण फांद्या भार पेलतात.

हिवाळाभर जमीन प्रत्यक्षापेक्षा जास्त थंड येतेय? आधी घनतेवरून बर्फाचं उष्णतावहन काढणारं सूत्र तपासा. घनता ३०० असताना येनचं १९८१ चं सूत्र सुमारे ०.२३ वॅट प्रति मीटर केल्विन देतं, स्टर्म आणि सहकाऱ्यांचं १९९७ चं सुमारे ०.१३. जवळजवळ निम्मं! वहन जास्त धरलं की जमिनीतली उष्णता बर्फातून जास्त निसटते. जमिनीतल्या कार्बनचा हिशेब करणाऱ्याला हा फरक सोडून चालणार नाही.

पर्जन्यमापकाचे आकडे जसेच्या तसे घालू नका, जोराच्या वाऱ्यात तो निम्म्याहून कमी बर्फही पकडू शकतो. आणि जाडी जुळावी म्हणून हिमवृष्टीला मनानं गुणक लावू नका. घनतेची चूक त्या गुणकाखाली दडते आणि पुढच्या वर्षी वेगळ्या वाऱ्यात पुन्हा वर येते.